बॉयलर तपासायला येणाऱ्याला घरात घ्यायचं की नाही?

इंग्लंडमधल्या रेडिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. एजंटचा मेसेज आलाय की उद्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा यामध्ये कधीतरी गॅस सेफ्टीसाठी माणूस येईल, घरी कोणी नसेल तर आमच्याकडच्या किल्लीने दार उघडू. घरात सासूबाई आणि आठ महिन्यांची मुलगी, दोघीच असतात. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी गॅसवर तापवणारं यंत्र, बेडरूममधल्या कपाटात आहे आणि कपाटासमोर यांनी वॉर्डरोब ठेवलाय. गेल्या वर्षी आलेला माणूस बॉयलर चालू-बंद करून पाच मिनिटांत सही करून गेला. ताई विचारतात, "नाही म्हटलं तर डिपॉझिट कापतील का? आणि अशा थातूरमातूर तपासणीसाठी दार उघडायचं तरी कशाला?"

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, घरात कोणी कधी यावं यावर तुमचा हक्क किती. दुसरी, आत येऊन त्या माणसाने काय करायला हवं. तुम्हाला राग आलाय तो दुसऱ्या गोष्टीचा, आणि तो रास्त आहे. पण तो पहिल्या गोष्टीवर काढला तर नुकसान तुमचंच होईल. तपासणीला नाही म्हणू नका. वेळ मात्र तुमच्या सोयीची मागून घ्या, आणि आत आलेल्या माणसाकडून पूर्ण काम करून घ्या.

मी या देशात वीस वर्षांच्या आसपास गॅसचं काम करतोय, खिशात कॉर्गीचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या जुन्या नोंदणीचं, कार्ड असायचं तेव्हापासून. १ एप्रिल २००९ ला ग्रेट ब्रिटनमध्ये त्या नोंदणीची जागा गॅस सेफ रजिस्टरने घेतली. स्लाऊ, हाउन्स्लो, रेडिंग या पट्ट्यातल्या भाड्याच्या घरांत माझे निम्मे दिवस जातात, त्यामुळे बंद दारंही पाहिली आणि पाच मिनिटांत भरलेली सर्टिफिकेटंही पाहिली. खाली लिहितोय ते इंग्लंडमधल्या खाजगी भाड्याच्या घराला धरून. गॅसचे नियम स्कॉटलंड आणि वेल्सलाही तेच आहेत, पण भाडेकराराचा कायदा तिथे वेगळा आहे.

आधी कायदा. १९९८ च्या गॅस सेफ्टी नियमांतला ३६ वा नियम घरमालकावर बंधन घालतो: त्याने पुरवलेलं प्रत्येक गॅसचं उपकरण आणि त्याचा फ्लू, म्हणजे धुराडं, दर १२ महिन्यांच्या आत गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासून घ्यायचं. तपासणीनंतर २८ दिवसांत तिच्या कागदाची प्रत भाडेकरूला द्यायची आणि नवा भाडेकरू असेल तर तो राहायला येण्याआधी. लोक या कागदाला अजून सीपी-१२ म्हणतात, ते कॉर्गीच्या जुन्या फॉर्मचं नाव. या देशात गॅसबद्दल एवढी कडक शिस्त आली त्याला एक मोठं कारण आहे. १६ मे १९६८ ला पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार माणसं गेली. गॅस गळला होता तो कुकरच्या जोडणीतल्या एका निकृष्ट पितळी नटमधून. त्यानंतर १९७० मध्ये कॉर्गी स्थापन झाली. हाताच्या मुठीत मावेल एवढ्या नटमुळे हे घडलं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

आता तुमच्या उपयोगाचं. २०१८ पासून नियमांत अशी सोय आहे की तपासणी मुदतीच्या आधीच्या दोन महिन्यांत केव्हाही केली तरी पुढच्या वर्षीची तारीख बदलत नाही. म्हणजे घरमालकाला दहाव्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत मोकळीक असते. तेव्हा मागच्या वर्षीच्या कागदावरची तारीख आधी बघा. मुदत संपायला पाच आठवडे असतील, तर "उद्याच" हा कायद्याचा आग्रह नाही, एजंटच्या वेळापत्रकाचा आहे. मुदत परवा संपत असेल, तर मात्र उद्याच्या दिवसातलीच सोयीची वेळ मागा.

किल्लीचं म्हणाल तर, भाड्याने घेतलेलं घर मुदतीपुरतं तुमचं असतं आणि तिथे विनाव्यत्यय राहण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो. १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यातलं ११ वं कलम घरमालकाला घराची अवस्था बघायला आत येऊ देतं, पण दिवसाच्या योग्य वेळी आणि निदान २४ तास आधी लेखी कळवून. तुम्ही स्पष्ट लिहून "या वेळी येऊ नका, अमुक वेळी या" असं कळवलं असेल, तर किल्ली फिरवून आत शिरायला तो मोकळा नाही. गॅस गळतीसारखी आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोणाची परवानगी मागत बसायचं नसतं.

मात्र या हक्काच्या जोरावर महिनोन्‌महिने टाळाटाळ करू नका. आत यायला मिळालं नाही म्हणून घरमालकाची जबाबदारी सुटत नाही. शक्य ते सगळे प्रयत्न केल्याचं त्याला दाखवावं लागतं. सरकारची आरोग्य व सुरक्षा यंत्रणा, एचएसई, निदान तीन प्रयत्नांची नोंद पाहते: दारात ठेवलेली चिठ्ठी, पाठवलेलं पत्र, दिलेल्या तारखा. त्यानंतरही दार उघडलं नाही तर तो कोर्टात जाऊ शकतो, आणि मग खर्चाचा, करार मोडल्याचा विषय निघतो. तुमच्या करारातही "तपासणीसाठी प्रवेश देईन" असं कलम बहुधा असेलच, ते वाचून घ्या.

डिपॉझिटची भीती बरेच जण बाळगतात. २०१९ च्या टेनंट फीज कायद्याने भाडेकरूकडून कोणते पैसे घेता येतात ते ठरवून दिलंय, आणि "अपॉइंटमेंट चुकली म्हणून अमुक पाउंड" असा दंड त्यात बसत नाही. करार मोडल्याने झालेलं खरं नुकसान मात्र घरमालक मागू शकतो, म्हणून ठरलेली वेळ न कळवता चुकवू नका. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवलेलं असतं, शेवटी वाद झालाच तर तिथे विनामूल्य निवाडा होतो, आणि तिथे तुमचे लेखी मेसेज कामी येतात. एजंटशी फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी त्यानंतर दोन ओळी लिहून पाठवायची सवय ठेवा.

आता "दार उघडायचं कशाला" याचं उत्तर. काही वर्षांपूर्वी एका जुन्या टेरेस्ड घरातल्या भाडेकरूने आठ महिने कोणाला आत घेतलं नव्हतं. रात्रपाळीची नोकरी, दिवसा झोप, आणि एजंट सारखा सकाळी दहाचीच वेळ द्यायचा. घरमालकाने मला सांगितलं तेव्हा मी त्या गृहस्थांना थेट विचारलं की तुम्हाला केव्हा जमेल. ते म्हणाले, संध्याकाळी सात. सातला गेलो. बैठकीच्या खोलीत ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगडीमागे जुन्या पद्धतीचा बॅक बॉयलर, जो ज्वलनासाठी खोलीतलीच हवा घेतो. थंडी येते म्हणून भिंतीतल्या हवेच्या झरोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. शेगडीच्या वर भिंतीवर तपकिरी डाग. धूर सोडणारी काडी पेटवून शेगडीच्या तोंडाशी धरली तर धूर वर चिमणीत न जाता माझ्या तोंडावर आला. वर पक्ष्याने घरटं केलं होतं. त्या गृहस्थांना रोज डोकेदुखी होती आणि ते तिचा दोष रात्रपाळीला देत होते. मी जागच्या जागी गॅस तोडला, लेबल लावलं, घरमालकाने त्याच रात्री विजेचे हीटर आणून दिले. आठवड्याने त्यांचा फोन आला, डोकेदुखी थांबली होती. ते दार आठ महिने बंद राहिलं ते निव्वळ वेळ न जुळल्यामुळे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे गॅस म्हटलं की धोका म्हणजे वास, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. घरच्या सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. इथला पाइपातला नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जातो. दोन्हींत वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. पण अर्धवट जळलेल्या गॅसमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशा बातम्या आपण गावाकडे वाचतो, त्यामागे हाच वायू असतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटणं, ही लक्षणं थकव्यासारखीच असतात. आठ महिन्यांच्या बाळाला तर तेही सांगता येत नाही.

तुमचा बॉयलर बहुतेक आधुनिक, सीलबंद प्रकारचा असेल. तो ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि जळलेला वायू बाहेरच सोडतो. त्यामुळे वर सांगितलेल्या बॅक बॉयलरएवढा धोका नाही. पण या बॉयलरची सगळी मदार फ्लूच्या सांध्यांवर असते. २००० नंतर बांधलेल्या बऱ्याच फ्लॅटांत बॉयलर मधल्या खोलीच्या कपाटात असतो आणि फ्लू छतामागच्या पोकळीतून कित्येक फूट जाऊन बाहेर निघतो. त्या पोकळीतला एखादा सांधा सुटला तर जळलेला वायू घरातच साचेल आणि खालून काही दिसणार नाही. म्हणून असा लपलेला फ्लू बघायला छतात झडपा, म्हणजे इन्स्पेक्शन हॅच, असाव्या लागतात, निदान ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या. २०१३ पासून, हॅच नसेल आणि फ्लू दुसऱ्या कुठल्याही मार्गाने बघता येत नसेल, तर आम्हाला ती जोडणी "ॲट रिस्क", म्हणजे धोका होऊ शकेल अशी, ठरवावी लागते. हॅच बसवायचा खर्च आणि खटपट घरमालकाची. तुमचा बॉयलर बेडरूमच्या कपाटात आहे, म्हणून आज रात्री वर बघा: फ्लू बॉयलरमधून निघून थेट बाहेरच्या भिंतीत जातो, की छतात शिरतो? छतात जात असेल आणि हॅच नसतील, तर गेल्या वर्षीच्या माणसाने काय तपासलं हा प्रश्न एजंटला लेखी विचारायलाच हवा.

आता त्या पाच मिनिटांबद्दल. एक बॉयलर आणि एक हॉब, म्हणजे स्वयंपाकाची गॅसची शेगडी, असलेल्या घरात मला साधारण पाऊण तास लागतो. मी आधी मीटरपाशी जातो. सगळं बंद करून दाब स्थिर राहतो का ते बघतो, म्हणजे पाइपातून गळती आहे का ते कळतं. मग गॅस वापरात असताना मीटरला दाब किती मिळतो ते मोजतो, तो २१ मिलिबारच्या आसपास असावा लागतो. बॉयलर पूर्ण जोरावर चालवून घड्याळ लावून मीटर वाचतो, बॉयलर किती गॅस घेतोय ते त्यावरून निघतं. मग ॲनालायझरची, म्हणजे वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राची, नळी फ्लूच्या छिद्रात घालतो. एकदा हवा आत येण्याच्या बाजूला: तिथे ऑक्सिजन २०.६ टक्क्यांहून कमी दिसला, तर जळलेला वायू आत येणाऱ्या हवेत मिसळतोय, म्हणजे कुठेतरी सांधा सुटलाय. एकदा जळलेला वायू जाण्याच्या बाजूला: तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचं गुणोत्तर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत हवं. बाहेर जाऊन फ्लूचं तोंड बघतो, खिडकीला फार जवळ नाही ना, कोणी काही बांधून झाकलं नाही ना. हॉबच्या ज्योती, ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होतो का, हेही. यातलं काहीही बॉयलर चालू-बंद करून कळत नाही.

एक खुलासा इथे करायला हवा. तपासणी आणि सर्व्हिसिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीत बॉयलर उघडून साफ करतीलच असं नाही, आणि तपासणीचा कागद म्हणजे सर्व्हिसिंगची पावती नव्हे. घरमालकावर देखभालीचंही बंधन आहे, त्यामुळे "शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली" हे विचारायला संकोच करू नका. कागदावरही नजर टाका. प्रत्येक उपकरण आणि ते कुठे आहे, फ्लू तपासला का, दाब किंवा उष्णतेचा आकडा, दोष असल्यास काय केलं, करणाऱ्याचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक, हे सगळं त्यावर असायला हवं. आकड्यांचे रकाने मोकळे असतील, तर त्याची प्रत गॅस सेफ रजिस्टरला दाखवून तक्रार करता येते. ते चौकशी करतात.

वॉर्डरोबचं काय ते स्पष्टच सांगतो. तो तुम्ही ठेवलाय, तेव्हा हलवायचा तुम्हीच. घरमालकाने भिंतीत बसवलेलं कपाट आड येत असतं तर ते त्याचं काम होतं. बहुतेक बॉयलरसमोर काम करायला दोन फुटांच्या आसपास मोकळी जागा लागते, नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो. आपल्या लोकांच्या घरी बॉयलरचं कपाट उघडलं की तांदळाची दहा किलोची पिशवी, डाळींचे डबे, दिवाळीचा आकाशकंदील आणि वर वाळत घातलेले फडके निघतात. जागेची अडचण मी समजू शकतो, मीही एका खोलीत राहून दिवस काढलेत. पण फडकं बॉयलरला टेकवायचं नाही, आणि कपाटाच्या दाराला झरोके असतील तर ते बुजवायचे नाहीत. सामान बाहेर काढून ठेवलं की तपासणाऱ्याला "दिसलं नाही" म्हणायला जागा राहत नाही.

सासूबाईंची काळजी मला सगळ्यात जास्त पटते. अनोळखी माणूस, भाषा येत नाही, कडेवर बाळ. एजंटकडून येणाऱ्याचं नाव आणि सात आकडी परवाना क्रमांक आधी मागून घ्या. तो गॅस सेफच्या संकेतस्थळावर टाकला की फोटो आणि तो कोणतं काम करू शकतो ते दिसतं. कार्डाच्या मागच्या बाजूलाही कामांची यादी आणि मुदत असते. कुकरची परवानगी असलेल्या प्रत्येकाला बॉयलरची असतेच असं नाही. सासूबाईंना एवढंच सांगून ठेवा की आधी कार्ड बघायचं, तुम्हाला व्हिडिओ कॉल लावायचा, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत दाराची साखळी काढायची नाही. जो खरा नोंदणीकृत असतो तो दाराबाहेर पाच मिनिटं थांबतो. आम्हाला त्याची सवय असते. जमलं तर मात्र तुम्ही किंवा तुमचे यजमान घरी असाल अशी वेळ घ्या, तेच सगळ्यात बरं.

अजून एका भीतीबद्दल लिहितो, जी तुम्ही लिहिली नाहीत पण अनेकजण मला सांगतात: तपासणीत दोष निघाला आणि ऐन थंडीत बॉयलर बंद केला तर? तात्काळ धोका असेल तर आम्ही बंद करायला सांगतोच, तिथे तडजोड नाही. पण त्यानंतर दुरुस्ती घरमालकावर येते, त्याच ११ व्या कलमाने, आणि घरात बाळ आहे हे लिहून हंगामी विजेचे हीटर लगेच मागा. तुमच्या हातून काही मोडलं नसेल तर दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर येत नाही.

अलार्म आहे का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये, ज्या राहत्या खोलीत गॅसचा बॉयलर आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. तुमच्या बेडरूमला तो हवाच. साधारण डोक्याच्या उंचीला, बॉयलरपासून एक ते तीन मीटरवर. मागे बदलायची तारीख छापलेली असते, तीही बघा. फोडणी दिल्यावर कोकलतो तो धुराचा अलार्म, हा वेगळा. त्यामुळे स्वयंपाक करताना वाजतो म्हणून याची बॅटरी काढू नका.

आज रात्री एजंटला लिहा की तपासणीला तुमचा नकार नाही, पण उद्याचं दहा तासांचं अंतर जमणार नाही. तुमच्या सोयीच्या दोन तारखा आणि प्रत्येकी दोन तासांची वेळ द्या, येणाऱ्याचं नाव व परवाना क्रमांक मागा, परवानगीशिवाय किल्ली वापरू नये हे लिहा, आणि फ्लूचे हॅच व अलार्म याबद्दलचे प्रश्न त्याच मेसेजमध्ये टाका. वॉर्डरोब त्या दिवसाच्या आदल्या रात्री सरकवा. आणि ०८०० १११ ९९९ हा गॅसच्या आणीबाणीचा चोवीस तासांचा नंबर मोठ्या मराठी आकड्यांत लिहून सासूबाईंना दिसेल असा फ्रिजवर लावा. वास आला किंवा अलार्म वाजला तर त्यांनी विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, बाळाला उचलून आधी बाहेर पडायचं आणि बाहेरूनच तुम्हाला फोन करायचा. त्या नंबरवर तुम्ही बोला.